तुळशीची गवसणी

पौष आला, की ग्वाल्हेरच्या मराठी घरांत सकाळच्या चहाबरोबर एक बातमी हमखास येते : "आमची तुळस जळली हो!" जळली म्हणायचे खरे, पण जाळणारी असते थंडी.

माझ्या आईचे माहेर रत्नागिरीचे. तिकडे हिवाळ्यातही पारा सहसा १५ अंशांखाली उतरत नाही. इथे पौषातल्या काही रात्री तो ४-५ अंशांवर येतो. माहेरच्या मंजिरीचे बी आईने लष्करातल्या आमच्या वृंदावनात रुजवले आणि दर पौषात काळवंडणारी पाने पाहून ती हळहळू लागली. वडील दरबारी गवई. झाडांशी त्यांचा संबंध पूजेच्या फुलांपुरता. तथापि एका संध्याकाळी त्यांनी तंबोऱ्याची जुनी गवसणी आणून तुळशीवर चढवली.

"अहो, हे काय?" आई म्हणाली.

"थंडीत तंबोरा उघडा ठेवतो का आपण?"

यातले शास्त्र मला पुष्कळ पुढे कळले. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पाने आपली ऊब आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेहूनही गार होतात. म्हणून पारा ४ दाखवीत असला, तरी पानावर दव गोठू शकते. आच्छादन ही ऊब अडवते. मात्र ते मातीपर्यंत पोचले पाहिजे, कारण रात्रीची ऊब मातीतून येते. ओलसर माती दिवसाची ऊब अधिक साठवते. तेव्हा पाणी घालायचे ते सकाळी. त्यातून वृंदावन उंच, माती थोडी, आणि गारठा चहूबाजूंनी! जमिनीतल्या रोपाची मुळे त्या मानाने सुखरूप.

आई गेली त्या वर्षी कार्तिकात मी तुळशीचे लग्न लावले आणि तिच्या आठवणीने रोपाला भरपूर खत घातले. लुसलुशीत पालवी फुटली. विद्यार्थी वाखाणू लागले, मीही सुखावलो. पण थंडीच्या तोंडावर फुटलेली पालवी कोवळी, पाणीदार. गारठा तिला सोसत नाही. एका रात्री शिकवणी लांबली आणि गवसणी राहून गेली. सकाळी सारे रोप काळे! फाल्गुनापर्यंत वाट पाहिली. बुंधा खरवडला, तो आतून तपकिरी. रत्नागिरीचे घर केव्हाच विकले गेलेले. आता ते बी आणायचे कोठून?

देवघर आवरताना आईच्या एका डबीत वाळलेल्या मंजिऱ्या सापडल्या. चैत्रात पेरल्या. दोन रोपे जगली. एक वृंदावनात आहे, दुसरे दक्षिणेकडच्या भिंतीलगत जमिनीत. ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते. भाद्रपदानंतर मी खताला हात लावत नाही. पौषात गवसणी मात्र रोज संध्याकाळी चढते, ऊन आले की उतरते.

यंदा ज्यांची तुळस जळली असेल, त्यांनी रोप उपटण्याची घाई करू नये. फाल्गुनात बुंध्याची साल नखाने खरवडावी. आत हिरवे दिसले, तर जीव आहे. नसलाच, तर आमच्याकडे मंजिऱ्या आहेत. डबी तेवढी घेऊन यावे.