निवडणूक बंदोबस्त (महाराष्ट्र)

निवडणूक बंदोबस्त म्हणजे निवडणुकीच्या काळात मतदार, उमेदवार, मतदान कर्मचारी आणि मतदान यंत्रे यांच्या संरक्षणासाठी केली जाणारी पोलीस व सशस्त्र दलांची व्यवस्था होय. महाराष्ट्रात तिचे स्वरूप ठिकाणानुसार बदलते. नवी मुंबईतील सानपाड्यासारख्या दाट वस्तीच्या उपनगरात पैशाचे वाटप आणि मतदारांवरील दडपण रोखण्यावर भर असतो, तर गडचिरोलीच्या जंगलात मतदान पथक सुखरूप पोहोचवणे हेच मुख्य काम ठरते.

कायदेशीर आधार

संविधानाच्या कलम ३२४ नुसार संसद व विधिमंडळाच्या निवडणुकांचे नियंत्रण भारत निवडणूक आयोगाकडे असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम २८अ नुसार निवडणुकीसाठी नेमलेले पोलीस अधिकारी अधिसूचनेपासून निकालापर्यंत आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते व ते आयोगाच्या शिस्तीखाली येतात. त्यामुळे सत्ताधारी पक्षाला पोलीस यंत्रणा आपल्या सोयीने वापरता येऊ नये, असा या तरतुदीचा हेतू आहे. महानगरपालिका व इतर स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो.

मतदान केंद्रावरील मर्यादा

मतदान केंद्राच्या आत केंद्राध्यक्षाचा अधिकार चालतो. बंदोबस्तावरील पोलीस सामान्यतः दाराबाहेर थांबतात आणि केंद्राध्यक्षाने बोलावल्यासच आत जातात. गणवेशाच्या उपस्थितीचेही मतदारावर दडपण येऊ शकते, हे त्यामागील कारण आहे. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचारास मनाई असते. केंद्र बळकावणे हा कलम १३५अ खाली गुन्हा असून, असा प्रकार घडल्यास आयोग तेथील मतदान रद्द करून फेरमतदान घेऊ शकतो.

सानपाडा व नवी मुंबई

सानपाडा हे उपनगर बेलापूर विधानसभा आणि ठाणे लोकसभा मतदारसंघात येते. येथील बंदोबस्त १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे असतो. परवानाधारक शस्त्रे जमा करून घेणे, सराईत गुन्हेगारांवर प्रतिबंधक कारवाई, नाकाबंदी आणि संवेदनशील वस्त्यांतून संचलन ही मतदानापूर्वीची प्रमुख कामे होत. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बेलापूरचा निकाल अवघ्या ३७७ मतांनी लागला. इतक्या कमी फरकाच्या लढतीत एका केंद्रावरील गैरप्रकारही निकाल फिरवू शकतो.

गडचिरोली

नक्षलवादी हिंसाचारामुळे गडचिरोली जिल्ह्यात मतदानाची वेळ कमी ठेवण्यात आली. २०२४ मध्ये आरमोरी, गडचिरोली व अहेरी येथे सकाळी ७ ते दुपारी ३ असे मतदान झाले, जेणेकरून पथकांना उजेडातच परतता यावे. दुर्गम केंद्रांवरील पथके हेलिकॉप्टरने नेली जातात. केंद्रीय राखीव पोलीस दल, राज्य राखीव पोलीस दल आणि जिल्हा पोलिसांचे सी-६० पथक मार्गांची तपासणी करतात.

मतदानानंतर

मोहोरबंद यंत्रे सुरक्षा कक्षात ठेवली जातात. कक्षाच्या आतील कड्यात केंद्रीय सशस्त्र दल, तर बाहेरील कड्यात राज्याचे सशस्त्र पोलीस पहारा देतात. उमेदवारांनाही आपले प्रतिनिधी पाळतीसाठी ठेवता येतात. यामुळे सुरक्षा दलांच्या पहाऱ्यावर खुद्द स्पर्धकांचीही नजर राहते. स्वतः बंदोबस्तावर असलेले पोलीस टपाली मतपत्रिकेद्वारे आपला हक्क बजावू शकतात.