पहिल्या तासाची परीक्षा

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावर २००७ मध्ये हिरवे-पांढरे चिमुकले लॅपटॉप पोहोचले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा हा भारतातला सुरुवातीचा प्रयोग. वस्तीवरच्या छोट्या शाळेतली मुलं संगणकाला पहिल्यांदाच हात लावत होती.

लॅपटॉपचं नाव एक्सओ. आत फेडोरा लिनक्स ही खुल्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम होती, पण मुलांना दिसायचं ते त्यावरचं ‘शुगर’. त्यात डेस्कटॉप नव्हता, फोल्डरच्या पोटात फोल्डर नव्हते. पडद्याच्या मधोमध मुलाचं चिन्ह आणि भोवती चित्रं काढणं, लिहिणं, गाणं वाजवणं यांची चिन्हं. केलेलं काम ‘सेव्ह’ करायची आठवण ठेवावी लागत नसे. ते आपोआप रोजनिशीत जमा होई. आसपासचे लॅपटॉप इंटरनेटविनाच एकमेकांशी जोडले जात आणि शुगरच्या दुसऱ्या एका दृश्यात सवंगडी दिसत. प्रोग्रामचा कोड उघडून पाहण्यासाठी तर कीबोर्डवर स्वतंत्र कळ होती! सोपं करताना आतलं यंत्र झाकून टाकलं नाही, हे शुगरचं मोठेपण.

मोठ्यांच्या लिनक्सला सोपेपणाची ही जाण त्याआधी काही वर्षं येऊ लागली होती. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने लिनक्सवरचा ग्नोम हा डेस्कटॉप काही लोकांपुढे ठेवला आणि ते कुठे अडखळतात ते नुसतं पाहिलं. बनवणाऱ्यांना रोजचे वाटणारे शब्दच वापरणाऱ्यांना कोड्यात टाकत होते. पुढच्याच वर्षी ग्नोमने पडद्याच्या मांडणीची लेखी नियमावली काढली. ‘नवख्याने आधी अभ्यास करावा’ ही लिनक्सवाल्यांची जुनी सवय. ती मोडायला हे पाहणंच उपयोगी पडलं.

असंच पाहणं आज आपल्या शाळांतही हवं. आता परभणी जिल्ह्याकडे या. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. जिंतूर किंवा पालमच्या एखाद्या शाळेत असा जुना संगणक असेल, तर तो भंगारात काढण्याआधी पेन ड्राइव्हवरून उबुंटू हे लिनक्स चालवून बघता येतं. हार्ड डिस्कला धक्काही लागत नाही. मेनू मराठीत करता येतात. पण मराठी टायपिंगसाठी सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर जाऊन इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी वेगळी जोडावी लागते आणि विंडोज-कळ दाबून धरत स्पेस दाबली की भाषा बदलते, हे कुणीतरी सांगावं लागतं. सातवीतल्या एखाद्या मुलीचा पहिला तास इथेच वाया जातो. मराठी निवडताक्षणी मराठी कीबोर्ड जोडला जावा आणि ही जोडकळ पडद्यावर ठळक दिसावी, एवढी दुरुस्ती अशा शाळांसाठी नव्या वॉलपेपरपेक्षा कितीतरी मोलाची आहे. कोड खुला असल्याने ती करायला कुणाची परवानगीही लागत नाही.