मातीचे बळ : तंतू, हिम आणि पाऊस

हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची वार्ता आपण वाचतो. गवतावरचा तो पांढरा थर सूर्य वर येताच विरून जातो. लडाख, स्पिती अशा प्रदेशांत मात्र हीच क्रिया जमिनीच्या आत खोलवर घडते आणि रस्ते, भराव व भिंती यांची कसोटी पाहते.

पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. मातीतील ओलावा गोठताना कण एकमेकांपासून दूर लोटले जातात. बर्फ वितळल्यावर ते पूर्ववत जुळत नाहीत. पोकळ्या उरतात आणि माती सैल होते. अशी आवर्तने होत राहिली की तिचे बळ घटते. मातीत काथ्यासारखे आखूड तंतू मिसळले, तर ते भेगेच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. माती भेगाळली तरी एकाएकी तुटून पडत नाही. मात्र तंतू प्रमाणात हवेत. अधिक झाल्यास त्यांचे पुंजके होतात व माती नीट दाबली जात नाही.

ही युक्ती जुनीच आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांखालील मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू आहेत. आपल्या आजी-आजोबांनीही भिंतीच्या चिखलात काड, भुसा तुडवलाच होता. स्पितीतील ताबो येथील बौद्ध विहार इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला. कडाक्याच्या थंडीतही त्याच्या मातीच्या भिंती टिकल्या, याचे एक मोठे कारण तेथील कोरडी हवा. पाणीच नसेल, तर गोठणार काय?

आपल्याकडे हिमाची जागा पाऊस आणि ऊन घेतात. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. आपल्या समाजाची कितीतरी घरे पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर, ओढ्याकाठच्या सखल जागी राहिली. त्यामुळे ओलीचा पहिला घाव त्यांच्याच भिंतींवर बसला. २०१९ च्या महापुराने सांगलीकरांस पाण्याचे सामर्थ्य पुन्हा दाखविले. दिवसेंदिवस पाण्यात उभी राहिलेली कच्ची भिंत तंतूंनीही वाचत नाही. अशा घरात पूर ओसरताच राहावयास जाणे जीवावर बेतू शकते.

म्हणून तंतूंवर विसंबण्याआधी पाणी दूर ठेवावे. जोते दगडी व उंच असावे, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून लांब पडावे, पायाशी पाणी साचू नये. गिलाव्याच्या भेगा पावसाळ्यापूर्वी काड मिसळलेल्या चिखलाने बुजवाव्यात. भिंत फुगलेली वा झुकलेली दिसल्यास तिच्या आडोशाला कोणी झोपू नये.

कारण दूर केले की परिणाम थांबतो, ही तथागतांची शिकवण आपल्या वसतिगृहात आपण ऐकली आहे. सुट्टीत घरी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती डोळ्यांपुढे ठेवून आपल्या घराची भिंत एकदा तळापासून न्याहाळावी.