टॉवरमध्ये मत कोणाचं मोजतात?

खानदेशातल्या माणसाला निवडणूक शिकवावी लागत नाही. विकासोत पॅनल कसं बांधायचं, दूध संघाला कोण ऐनवेळी फुटला, बाजार समितीत व्यापारी गटाने कोणाला हात दिला, हे त्याला तोंडपाठ असतं. हाच माणूस जळगावात पिंप्राळ्याकडे किंवा धुळ्यात देवपुरात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतो आणि त्या इमारतीत आपलं मत किती वजनाचं, हे विचारतसुद्धा नाही.

सवय नाही, हे खरं. इथलं घर म्हणजे कॉलनीतला प्लॉट, स्वतःची बोअर, ओपन स्पेसमधलं मंदिर. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली आली आणि अशा शहरांतही उंच इमारतींना वाट मोकळी झाली. आता लिफ्ट, टाकी, आगीचा पंप, गच्ची सगळंच सामाईक. त्यावर हुकूम कोणाचा, हे बिल्डरने कोणत्या कायद्याची वाट धरली त्यावर ठरतं.

एक वाट 1960 च्या सहकारी संस्था कायद्याची. उपनिबंधकाकडे सोसायटी नोंदवायची, जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायची, आणि एका सभासदाला एकच मत. दुसरी 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याची. तिथे बिल्डर दुय्यम निबंधकाकडे घोषणापत्र नोंदवतो. जमिनीत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा राहतो आणि मत मोजलं जातं त्या हिश्श्याच्या टक्केवारीवर. ही टक्केवारी निघते कशावरून? संपूर्ण मालमत्तेच्या किमतीत तुमच्या गाळ्याची किंमत किती, यावरून.

गोम इथे आहे. समजा, वर सारख्या किमतीचे चाळीस फ्लॅट आहेत आणि खाली रस्त्याला लागून सहा दुकानं. एका दुकानाची किंमत तीन फ्लॅटइतकी धरा. मुख्य रस्त्यावर तेवढी सहज असते. म्हणजे दुकानांचे अठरा हिस्से आणि फ्लॅटचे चाळीस, एकूण अठ्ठावन्न. दुकानं बिल्डरने घरातच ठेवली आणि बारा फ्लॅट विकायचे राहिले, तर त्याच्या हातात तीस हिस्से. अठ्ठावीस कुटुंबं एकमुखाने उभी राहिली तरी सभेत हरणार! यात बेकायदा काहीच नाही, म्हणूनच ते आधी समजून घ्यायला हवं.

खर्चाचंही तसंच. सोसायटीच्या आदर्श उपविधीत लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, लिफ्टमध्ये पाय न ठेवणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनाही. पाण्याचा आकार मात्र फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च पुन्हा टक्केवारीनेच. मे महिन्यात टँकर मागवायची वेळ आली की ‘काय भो, आम्ही दोघंच राहतो, आम्हाला एवढं बिल कसं?’ हा वाद जिन्यातच पेटतो आणि उत्तर कपाटातल्या कागदात पडून असतं.

‘सगळे फ्लॅट विकले की सोसायटी करून देतो, भाऊ,’ या वाक्याला मात्र कायद्याचा आधार नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या रेरा नियमांनुसार 51 टक्के खरेदीदारांनी नोंदणी केली की तीन महिन्यांत बिल्डरने सोसायटीच्या नोंदणीसाठी अर्ज करायचा आहे. शेवटचा फ्लॅट विकेपर्यंत थांबण्याची मुभा त्यात नाही. पार्किंगचंही तसंच. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी सांगितलं, की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही.

सोसायटी झाली म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. सभेला गणसंख्या नाही म्हणून तहकूब करायची, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवायची आणि आलेल्या सहा जणांनी सगळे ठराव पास करायचे, हे नियमात बसतं. शिवाय एक खास आपल्याकडची गंमत. महिलेच्या नावावर खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत 2021 पासून मिळते, म्हणून फ्लॅट वहिनींच्या नावावर. सभेत तावातावाने बोलतात ते भाऊ. पण एकट्या वहिनींचंच नाव असेल तर सभासद त्याच. भाऊंना प्रतिनिधी म्हणून हात वर करता येत नाही. समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्याही पुष्कळदा नवऱ्याच्या सोयीनेच भरल्या जातात. या भागात ‘सरपंचपती’ आहेत तसे ‘समितीपती’ही आहेत, एवढंच.

अपार्टमेंटमध्ये घर घेणाऱ्याने निदान एक काम करावं. नोंदवलेल्या घोषणापत्राची प्रत दुय्यम निबंधकाकडून मिळवता येते. त्यातला टक्केवारीचा तक्ता करारावर सही करण्याआधी पाहावा, दुकानांसमोरचे आकडे तर आधी. कारण हा तक्ता कायद्याने कायमस्वरूपी आहे. तो बदलायचा तर प्रत्येक मालकाची संमती लागते, आणि त्या मालकांत खालचे दुकानवालेही आले.