लॉगमध्ये वेळ आहे, पण कुठली?

आज पायथॉनच्या लॉगबद्दल बोलू. कोड तोंडीच सांगतो, गाडीवर असाल तर नंतर करून बघा.

आमच्या पालीजवळ बिंदुसरा धरण आहे. तिथून नदी खाली बीड शहरातून जाते. समजा, तुम्ही पाण्याची पातळी बघणारा प्रोग्रॅम लिहिलाय आणि पातळी वाढली की तो लॉगमध्ये वॉर्निंग टाकतो. काहीच सेटिंग केलं नाही, तर ओळ येते अशी: वॉर्निंग, कोलन, रूट, कोलन, तुमचा मेसेज. म्हणजे वेळच नाही! इन्फो आणि डीबगच्या ओळी तर दिसतही नाहीत, कारण मुळात लेव्हल वॉर्निंगवर असते.

उपाय सोपा आहे. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच लॉगिंग डॉट बेसिककॉन्फिग लिहायचं. त्यात लेव्हल इन्फो द्या आणि फॉरमॅटमध्ये चार गोष्टी: एएससीटाइम, लेव्हलनेम, नेम, मेसेज. प्रत्येकाच्या आधी टक्क्याचं चिन्ह, नाव कंसात आणि कंसानंतर एस. झालं, वेळ आली.

पण खरी गंमत पुढे आहे. ही वेळ मशीनच्या घड्याळाची असते आणि क्लाउडवरचे सर्व्हर बहुतेकदा यूटीसीवर चालतात. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. 15 ऑगस्टला रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी पाणी वाढलं, तर लॉग म्हणेल 14 ऑगस्ट, 20:40. नुसता तास नाही, तारीखच बदलली! नदीकाठच्या लोकांना कधी कळवायला हवं होतं, हे नंतर तपासणारा माणूस चुकीच्या दिवसाचा लॉग चाळत बसेल.

म्हणून डेटएफएमटी हे सेटिंगही द्या. त्यात तारीख आणि वेळ लिहून शेवटी टक्का आणि लहान झेड. मग ओळीतच अधिक 0530 किंवा अधिक 0000 दिसतं, अंदाज बांधायची गरज नाही. यात मिलिसेकंद मात्र जातात. हवे असतील तर फॉरमॅटमध्ये एमसेक्स वेगळं घाला.

शेवटची टीप. बेसिककॉन्फिग दुसऱ्यांदा बोलावलं, तर ते गुपचूप काहीच करत नाही, एररही देत नाही. फॉरमॅट बदलत नसेल, तर एखादी लायब्ररी आधीच सेटिंग करून बसलीय का बघा. पायथॉन 3.8 पासून फोर्स इज इक्वल टू ट्रू दिलं, की जुनं जाऊन तुमचं लागू होतं.

आज घरी गेल्यावर तुमच्या लॉगची एक ओळ उघडा आणि विचारा: ही वेळ कुठली? भेटू पुढच्या भागात!