आधी लिहून घ्या!

"मॅडम, बाराशेत होऊन जाईल," दुकानदार म्हणाला आणि मी लेकीचा लॅपटॉप त्याच्या हवाली केला. नुसता कीबोर्ड बदलायचा होता. चार दिवसांनी गेले, तर ३,४०० रुपये! सर्व्हिसिंग, सॉफ्टवेअर, डेटा बॅकअप... सगळं न विचारता. "पैसे द्या, मग लॅपटॉप न्या." लेकीचा प्रोजेक्ट त्यातच अडकलेला. बचत गटातल्या बायकांना हक्क सांगत फिरणारी मी, पण माझ्याकडे साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती!

मी बिल मागितलं. "बिल कशाला?" म्हणाला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्याला ऐकवलं आणि तिथेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फिरवला. आकडा निमूटपणे बाराशेवर आला, बिलासकट!

मैत्रिणींनो, दरवेळी असं जमेलच असं नाही. म्हणून खर्चाचा अंदाज लेखी घ्या, 'विचारल्याशिवाय जादा काम करू नये' हे पावतीवर लिहून घ्या, काढलेला जुना भाग परत मागा. तरीही फसलात, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर फीसुद्धा नाही. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, मग इथेच गप्प का बसतो?