वाफेचे इंजिन आणि अण्णांचे कान

वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला की जेम्स वॉटचे नाव येते. वाफ थंड करण्यासाठी सिलिंडरबाहेर वेगळे भांडे ठेवण्याची कल्पना त्याचीच, आणि १७६९ मध्ये तिचे पेटंटही त्याने घेतले. पण त्यानंतर कित्येक वर्षे हे इंजिन मनासारखे चालत नव्हते, ही गोष्ट आम्ही वर्गात सहसा सांगत नाही. कारण अगदी साधे होते. सिलिंडर आतून नीट गोल होत नव्हता आणि पिस्टनच्या कडेने वाफ निसटत होती. जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफांची नळी कोरण्यासाठी नवे यंत्र काढले, त्याच्याकडून वॉटचे सिलिंडर कोरून घेतले गेले आणि १७७६ मध्ये इंजिने कामाला लागली. पन्नास इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक नाही, असे वॉटचा भागीदार बोल्टन याने मोठ्या समाधानाने नोंदवले आहे. म्हणजे कागदावरची कल्पना चांगल्या कारागिराची वाट पाहत थांबली होती.

पदार्थविज्ञान शिकवताना दाब आणि घनफळाची आकृती मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो आहे. ती आकृती हाताला जाणवली मात्र घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, आमच्या गल्लीतल्या अण्णांमुळे. अण्णा उद्यमबागेत पस्तीस वर्षे टर्नर होते. त्यांच्या घरात कन्नड, आमच्या घरात मराठी. ते मला सर म्हणतात, मी त्यांना अण्णा. लेथ, चक, टूलपोस्ट या शब्दांवर दोन्ही भाषांपैकी कुणाचाच हक्क नसल्याने आमचे भांडण होत नाही. उरलेले काम ‘नोड्री सर’ आणि ‘साकु’ या दोन शब्दांत भागते.

लहान इंजिने घरी बनवण्याचा नाद मूळचा विलायतेतला. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये लंडनला ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक याच मंडळींसाठी काढले. तिकडचा हौशी माणूस ओतीव भाग पोस्टाने मागवतो आणि घरच्या लेथवर घासूनपुसून इंजिन उभे करतो. बेळगावकराला पोस्टाची गरज नाही. गुर्लहोसूरच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच गावात सायकलींचे दुकान थाटले. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण लोखंडाशी गावाचे जमलेले नाते टिकले. आज ओतकामाच्या भट्ट्या आपल्या दारातच आहेत.

माझा लेथ भंगारातून आणलेला, टेबलावर मावेल एवढा. त्याला पाव अश्वशक्तीची मोटर बसवली. ती मिनिटाला १४४० फेरे घेते. मोटरवर ५० मिलिमीटरची पुली आणि लेथवर २०० मिलिमीटरची, म्हणजे फेरे उरले ३६०. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या लोखंडी गजाला हा वेग ठीक आहे. पण फ्लायव्हील ७५ मिलिमीटरचे आणि तेही बिडाचे. त्याचा परीघ मिनिटाला वीसेक मीटरपेक्षा जास्त पळू नये, नाहीतर टूलची धार जळते. हिशोब केला तर फेरे ८५ च्या आसपास हवेत. मग अण्णांच्या सांगण्यावरून मध्ये आणखी एक शाफ्ट टाकला, त्यावर पुन्हा तशाच दोन पुल्या. ३६० चे ९० झाले. यंत्रात फेरफार म्हणतात तो एवढाच, पण तोवर चिरकणारा लेथ त्या दिवशी गुरगुरायला लागला. अण्णांना हा फरक पट्टा चढवतानाच कळला होता.

पहिले इंजिन मुद्दाम सोप्यात सोपे निवडले. याला वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच एका खिळीवर घड्याळाच्या लंबकासारखा डोलतो. एका बाजूला झुकला की त्याचे भोक वाफेच्या भोकासमोर येते, दुसऱ्या बाजूला झुकला की बाहेर जाण्याच्या भोकासमोर. पिस्टनला ढकल एकाच दिशेने मिळते, परत आणायचे काम फ्लायव्हीलचे. सिलिंडर पितळेचा, आतला व्यास १२ मिलिमीटर, पिस्टनची धाव २० मिलिमीटर. चौरस सेंटिमीटरला २ किलोचा दाब दिला तर पिस्टनवर सव्वादोन किलोचा जोर येतो. बोटाएवढ्या वस्तूला तो पुष्कळ झाला.

फ्लायव्हीलसाठी लाकडी पॅटर्न केला. बीड थंड होताना शेकडा एक या प्रमाणात आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा. वर लेथवर कापण्यासाठी जादा माया, आणि वाळूतून अलगद निघावा म्हणून कडांना किंचित उतार. ओळखीच्या एका भट्टीत दिवसाच्या शेवटी उरलेल्या रसातून दोन नग ओतून मिळाले. ‘सर, हे कशाला?’ असे तिथल्या पोराने विचारले. सांगितले, तर त्याने दोन्ही नग स्वतःच झाडून दिले.

खरी परीक्षा सपाट तोंडाची. सिलिंडर आणि त्यामागची पट्टी एकमेकांवर घासत डोलतात, त्यात फट राहिली की वाफ फुकट. अण्णांनी काचेचा तुकडा मागवला, त्यावर तेल आणि बारीक एमरी पसरली आणि पितळ इंग्रजी आठच्या आकारात फिरवायला लावले. आकडा आठच का? एकाच दिशेने घासले तर हात एका कडेला जास्त दाबतो, म्हणून. अर्ध्या तासाने त्यांनी नखाने पाहिले आणि म्हणाले, ‘साकु.’ स्कूटरच्या जुन्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरली, नळी जोडली, चाकाला बोटाने टिचकी दिली आणि इंजिन टकटक करत सुटले. आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारले, शिवणयंत्र कोण चालवतंय?

वाफेवर चालवणे ही मात्र वेगळी जबाबदारी आहे, आणि इथे मी जरा कडक बोलतो. पाण्याची वाफ झाली की साध्या दाबाला ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. २ किलोच्या दाबाखाली पाणी १३३ अंशांच्या आसपास उकळते. अशा भांड्याचा सांधा उघडला तर आतल्या तापलेल्या पाण्याचा काही भाग एका क्षणात वाफ होतो. म्हणून पत्र्याचा डबा आणि साधे कथील हे चालणार नाही. तांब्याचे भांडे, चांदीच्या मिश्रणाने जोडलेले सांधे, सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि वापरण्याआधी दुप्पट दाबाची चाचणी हवी. ती चाचणी पाण्याने भरून, थंड. हवेने मुळीच नाही, कारण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळते, पाणी उसळत नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्यातून अगदी लहान भांडी वगळलेली होती, २०२५ च्या नव्या कायद्यातही वगळलेली आहेत. म्हणजे तपासायला कुणी येणार नाही, आपणच तपासायचे. मुलांनी तर पंपाच्या हवेवरच खेळावे, गंमत तीच आहे.

अण्णांचे वय आता चौऱ्याहत्तर. मोतीबिंदू काढला आहे, उजवा हात थोडा थरथरतो. मायक्रोमीटर मी वाचतो, ते स्टुलावर बसून ऐकतात. टूल बोथट होऊ लागले की माझ्या डोळ्यांना दिसण्याआधी त्यांच्या कानाला कळते. त्यांचा नातू उद्यमबागेतच सीएनसी मशिनवर आहे. प्रोग्रामही स्वतः लिहितो. पोरगा हुशार आहे, त्याच्या मशिनवर एका दिवसात निघणारे नग अण्णांना आठवडाभर पुरले असते. पण ते मशीन दार लावून चालते, आत पाण्याचा फवारा, आणि टूल तयार धारेचे येते. धार हाताने द्यायची वेळच त्याच्यावर आलेली नाही. त्यात त्याचा दोष नाही.

मी अण्णांचे बोलणे एका वहीत उतरवतो आहे, मराठीत, मध्ये मध्ये त्यांचे कन्नड शब्द तसेच ठेवून. चाळीसेक पाने झाली. पुल्यांचा हिशोब उतरतो, कोन उतरतात, मायेचे आकडे उतरतात. ‘हा आवाज बरा, हा नको’ हे कसे लिहायचे? तिथे मी वेळ, धातू आणि वेग लिहून पुढे ओळभर जागा मोकळी सोडतो.

पुढचे इंजिन दोन्ही बाजूंनी ढकल घेणारे, सरकत्या व्हॉल्व्हचे करायचे ठरले आहे. ते ऐकून नातू रविवारी यायला लागला. लेथ मात्र त्याला अजून मिळालेला नाही. आजोबांनी हातात कानस आणि गुण्या दिला आहे, आणि २५ मिलिमीटरचा लोखंडी ठोकळा सहाही बाजूंनी काटकोनात आणायला सांगितला आहे. परवापर्यंत त्याच्या चार बाजू झाल्या होत्या.